पुतळाबाईच्या पाठीवरचा डबा

मी ऐकतोय. माझ्या जागी दुसरी एखादी वस्तू असती तर तिने 'मी बोलतेय' म्हणून सुरुवात केली असती. पण बोलणं माझ्या धंद्यात बसत नाही. मी कानाचं मशीन. वेसाव्याच्या कोळीवाड्यात मला सगळे 'डबा' म्हणतात, आणि ते खोटं नाही. काड्यापेटीहून जरासा मोठा पत्र्याचा डबा, अंगावर आवाज कमीजास्त करायची चकती, पोटात एक पेन्सिल सेल, आणि एक बारीक वायर, जिचं टोक कानात जातं. सहा वर्षं नुसतं ऐकून ऐकून पोट फुगलंय, म्हणून आज हा आगाऊपणा.

माझा जन्म मरोळच्या औद्योगिक वसाहतीतला, एकोणीसशे त्र्याऐंशी सालचा. दुसऱ्या मजल्यावर एक लांबलचक टेबल होतं आणि त्यावर सातआठ मुली मान खाली घालून बसलेल्या असत. शेवटच्या खुर्चीवर क्षमा नावाची मुलगी होती. तयार झालेलं मशीन तपासायचं काम तिचं. बाकीच्या मुली 'हॅलो, हॅलो' म्हणून तपासत. क्षमाला त्याचा कंटाळा होता. तिने मला तोंडाजवळ धरलं आणि हळूच सांगितलं, "आज डब्यात भेंडी आहे, आणि आईने परत मीठ कमी टाकलंय." जगातलं मी ऐकलेलं ते पहिलं वाक्य. मला ते फार आवडलं.

तिथून मी अंधेरी स्टेशनजवळच्या एका कानाच्या डॉक्टरांकडे आलो आणि काचेच्या कपाटात दोन महिने बसून राहिलो. मग एक दिवस हरेश्वर आपल्या आईला घेऊन आला. ती पुतळाबाई. वय साठ, पाठ ताठ, अंधेरीच्या बाजारात मासळी विकणारी. अकरा वर्षांपासून तिला कमी कमी ऐकू येत गेलं होतं. हरेश्वर दोन वर्षं तिच्या मागे लागला होता आणि ती दरवेळी त्याला उडवून लावत होती. मशीन म्हाताऱ्या माणसांना लागतं, असं तिचं म्हणणं. मग एका सकाळी ती आपणहून म्हणाली, चल, घेऊन टाकू. हरेश्वरला इतका आनंद झाला की एकदम हे मन कसं वळलं हे विचारायचंच तो विसरला. त्यामागचं कारण मला पुढे कळलं. ते काही चांगलं नव्हतं.

डॉक्टरांनी चकती फिरवली. पहिल्यांदा तिला ऐकू आल्या त्या तिच्याच बांगड्या. तिने हाताकडे बघितलं आणि खात्री करायला मनगट दोनदा हलवलं. मग डोक्यावरचा पंखा, मग बाहेरच्या खोलीत कोणाच्या तरी चपला. हरेश्वर तिच्यासमोर वाकून अगदी साध्या आवाजात म्हणाला, "आये."

ती त्याच्याकडे बघत राहिली. "तुझा आवाज तुझ्या बापासारका झालाय रं," ती म्हणाली. "मना कोनी सांगितलं नाय."

हरेश्वर उठून भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागला. मला त्या क्षणी माझ्या जन्माचा अभिमान वाटला, हे मी लपवणार नाही. तो फार टिकला नाही. रस्त्यावर पाय ठेवला आणि एक टेम्पो हॉर्न देत गेला, तशी तिने चकती गच्च बंद केली. ही मुंबई मला ऐकायची नाही म्हणाली, आणि वेसावे येईपर्यंत मी मुका बसलो.

घरी दुसरीच पंचाईत. मला घडवणाऱ्यांच्या डोळ्यासमोर शर्टाचा खिसा होता. कोळणीच्या चोळीला खिसा कुठला? कमरेला पैशांची पिशवी, पण ती मासळीच्या पाण्याने कायम ओली. पुतळाबाई मला हातात धरून घरभर हिंडत होती, आणि तिची सून शकू ते बघत होती. नऊ वर्षांपूर्वी ती या घरात आली तेव्हाच सासूचे कान गेलेले होते, त्यामुळे सासूने सुनेचा आवाज असा कधी ऐकलाच नव्हता. ऐकली होती ती फक्त ओरड. शकूने जुन्या लुगड्याचा तुकडा काढला, आतून मेणकापड लावलं म्हणजे मला ओल लागणार नाही, गळ्यात अडकवायला दोरी शिवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी सासूपुढे धरली.

"घाल गल्यात," ती सवयीने अशा आवाजात म्हणाली की माझ्या पोटातल्या तारा थरथरल्या. पुतळाबाईने कपाळाला आठी घातली आणि पिशवी गळ्यात अडकवली.

पुढचे चार दिवस गल्लीत माझं दर्शन चाललं होतं. एक टोक कानात आणि दुसरं छातीवर, हे बघून सगळ्यांनी ठरवूनच टाकलं की पुतळाबाईचा कान आता खाली उतरला आहे. जो येई तो वाकून थेट माझ्यात ओरडे. पुतळाबाई चटका बसल्यागत मागे सरकायची आणि मी शिट्टी मारायचो. शिट्टी ऐकली की माणसाला वाटायचं आपला आवाज कमी पडला. मग तो आणखी वाकायचा. तोंडं किती जवळ आणायची आणि सुकट खाल्ल्यावर आणायची की नाही, याचा कोणी विचार केला नाही.

पाचव्या दिवशी संध्याकाळी समोरच्या घरातली सरूबाई ओट्यावर येऊन बसली. पुतळाबाईची ही लहानपणापासूनची मैत्रीण. शकू आत आहे हे बघून घेऊन ती म्हणाली, "आता बराबर आयकू येतं ना? मंग पकड तिला."

तेव्हा मला सगळा प्रकार समजला. रोज पहाटे पुतळाबाई डोक्यावर पाटी घेऊन घराबाहेर पडली की शकू दारात येते आणि तिच्या पाठीमागे काहीतरी पुटपुटते. सरूबाईच्या दारापर्यंत शब्द पोचत नसत, पण ओठ हलताना दिसत. तोंडावर एवढी ओरडणारी सून पाठीमागे काय बोलत असेल, हे सांगायला कोणी पाहिजे होतं का? सरूबाईने ते पुतळाबाईच्या मनात घातलं होतं आणि पुतळाबाईने ते वर्षभर जपलं होतं. मशीनला ती 'हो' म्हणाली होती ती यासाठी.

"एक शिवी माझ्या कानांनी आयकली," पुतळाबाई म्हणाली, "का दुसऱ्या दिवशी चूल वेगली. पुढची खोली माझी, मागची त्यांची. हरेश्वरला काय वाटंल ते वाटू दे."

मला बरं वाटलं नाही. ज्या पिशवीत बसून मी हे ऐकत होतो ती शकूने शिवली होती. आणि तिचीच चहाडी करायला मला गळ्यात अडकवलं होतं.

मग पाळत सुरू झाली. पुतळाबाई चूलघराच्या दाराशी उगाच घुटमळायची, झोपेचं सोंग घ्यायची. शकू पुटपुटते हे खरंच होतं. ती मांजराशी बोलायची, बोंबील साफ करताना मांजराला त्याची लायकी समजावून सांगायची. तव्यावर तेल कमी पडलं तर तव्याला बोलायची. सासूचं नाव त्यात कुठे येईना. पहाटे घराबाहेर पडताना तर माझ्याकडून काहीच पोचत नव्हतं, कारण माझं तोंड पुढे आणि शकू मागे. वरून पदराची घासाघीस. मी तरी काय करणार.

तीन दिवस असे गेल्यावर पुतळाबाईच्या डोक्यात प्रकाश पडला. चौथ्या पहाटे तिने दोरी गळ्याभोवती फिरवली, मला पाठीवर टाकलं, पदर बाजूला सारला आणि चकती शेवटपर्यंत नेली. खरं सांगतो, सेल ढिला करून गप्प बसावं असं माझ्या मनात आलं. दोन चुली झाल्या असत्या तर त्यात माझाही हात असता. पण मला ऐकण्यावाचून दुसरं काही येतच नाही.

तिने रिकामी पाटी डोक्यावर घेतली आणि उंबरा ओलांडला. समोर सरूबाई आपल्या दारात तयार उभी होती. मागे पावलं वाजली, बांगड्या किणकिणल्या आणि थांबल्या. मग शकूचा आवाज आला. इतका हळू, की क्षमाची आठवण झाली.

"सांभालून जा गो आये. रस्ता बघून चाल." थोडं थांबून ती परत म्हणाली, "एकविरा माउली, मागून गारी आली तर तिला आयकू येत नाय. तू बघ तिच्याकरं."

एवढंच. आणि ज्या सवयीच्या सुरात ती बोलली त्यावरून कळत होतं की हे ती रोज बोलते. नऊ वर्षं.

पुतळाबाई गल्लीत उभी राहिली. सरूबाई डोळ्यांनी विचारत होती, काय, काय म्हणाली? पुतळाबाईने तिच्याकडे बघितलंच नाही. तिचा श्वास माझ्याखाली वरखाली होत होता. मग ती मागे न वळता, न ओरडता, माणसं घरात बोलतात त्या आवाजात म्हणाली, "जातंय गो बाय. बघून चालतंय."

मागे शकूच्या हातातला तांब्या पडला. चकती शेवटपर्यंत नेलेली होती, त्यामुळे तो तांब्या सरळ पुतळाबाईच्या डोक्यात पडल्यासारखा झाला. तिने मला एक सणसणीत शिवी दिली. त्या पहाटे ऐकू आलेली शिवी ती एकच.

संध्याकाळी मासळी निवडताना तिने शकूला विचारलं, हे असं पाठीमागे का बोलायचं? शकू खाली मान घालून कोयतीवर मांदेली साफ करत होती. घराबाहेर निघालेल्या माणसाला मागून हाक मारत नाहीत, अपशकुन होतो, म्हणून मोठ्याने बोलता येत नव्हतं, असं तिने सांगितलं. मग तोंडावर सांगायचं, पुतळाबाई म्हणाली.

"सांगितलं व्हतं," शकू म्हणाली. "लग्नाच्या पयल्या महिन्यात. तुला आयकू जावा म्हनून ओरडले, तर आख्खी गल्ली दारात आली, नवी सून सासूशी भांडते म्हनून. मंग पाठीला सांगायला लागले. पाठीला सांगितलं तर भांडन होत नाय."

जेवताना पुतळाबाईने आपल्या ताटातली गाबोळी, म्हणजे माशाची अंडी, उचलून शकूच्या ताटात टाकली. हरेश्वर बघतच राहिला, कारण गाबोळी ती पोटच्या पोराला देत नसे. त्याला कोणी काही सांगितलं नाही. बिचाऱ्याला आजही वाटतं की हा सगळा डॉक्टरांचा गुण.

सरूबाईला दुसऱ्या दिवशीपर्यंत कसाबसा दम निघाला. काय ऐकलंस म्हणून तिने विचारलं. चूल आहे तिथंच आहे, एवढंच उत्तर मिळालं. सरूबाई जरा घुटमळली आणि मग म्हणाली, दोन दिवस तो डबा मला दे, माझी सूनपण पुटपुटते.

"तुला डब्याची गरज नाय," पुतळाबाई म्हणाली. "तुझी सून शिव्याच देते. मना हितं आयकू येतात."

बाजारात माझं काय होतं, तेही सांगून टाकतो. तिथे पुतळाबाईच्या लक्षात आलं की बहिरेपण ही किती कामाची गोष्ट होती. पूर्वी गिऱ्हाईक भाव पाडून मागे तेव्हा ती कानाकडे बोट दाखवून शांत बसायची, आणि गिऱ्हाईक ओरडून ओरडून शेवटी तिच्या भावावर यायचं. आता छातीवर मी दिसतो म्हटल्यावर ते सोंग बंद पडलं. दोन आठवडे तिचे वाईट गेले. मग तिने तोड काढली. भाव चालू झाला की ओला अंगठा हळूच चकतीवर, आणि मी बंद. जोगेश्वरीहून येणाऱ्या एक बाई माझ्यात वाकून वाकून पापलेट स्वस्त करा म्हणत असतात. पापलेट पिशवीत पडलं की मी चालू. त्या बाई जाताना 'म्हातारी लबाड आहे, पण माल ताजा देते' असं म्हणतात, ते मात्र ती पूर्ण ऐकते आणि दिवसभर खुश असते.

आता माझं वय झालं. खाऱ्या हवेने खिशाला अडकवायची क्लिप गंजली, वायर दोनदा बदलली, पिशवी शकूने तिसऱ्यांदा शिवली. अंगाला बोंबलाचा वास आहे तो काही जाणार नाही. मध्यंतरी हरेश्वर सांगत आला की आता कानामागे बसणारं एवढंसं मशीन निघालंय, वायर नाही, डबा नाही. मी सगळं ऐकत होतो, दुसरा इलाजच नव्हता. माझी जागा घ्यायला कोणीतरी येणार हे मला ठाऊक आहे, आणि जे येईल ते माझ्यापेक्षा हुशार असेल. त्याला एवढंच सांगेन की या घरात पहाटे झोपून राहू नकोस. आणि तुम्हाला माझी एक विनंती आहे. माझ्यासारखा एखादा कोणाच्या छातीवर दिसला तर त्याच्यात वाकून ओरडू नका. त्या माणसाच्या तोंडाकडे बघा आणि हळू बोला. पोचतं.

पुतळाबाईने हरेश्वरला तूर्त तरी नाही म्हणून सांगितलंय. कानामागचं नको, म्हणाली, मना पाठीवरचं बरं हाय. त्याला ते कोडं काही सुटलं नाही.

शकूला खरं म्हणजे आता समोर उभं राहूनही हळू बोलता येतं, आणि दिवसभर दोघींचं चाललेलंच असतं. पण पहाट झाली की पुतळाबाई पाटी डोक्यावर घेते, उंबऱ्याशी थांबते, दोरी फिरवून मला पाठीवर टाकते, चकती पुढे नेते, आणि मग पाऊल बाहेर ठेवून जरा वाट बघते.