भिंतीवर पडणारा उजेड

मला एकदा प्रश्न पडला की तो सुटेपर्यंत मी घरातल्यांचं डोकं खाते. हे माझं म्हणणं नाही, आमच्या ह्यांचं आहे. "हिला 'का' शिकवलं कुणी, त्याला शोधतोय मी," असं ते येईल-जाईल त्याला सांगतात. सांगू देत. पिकअपच्या दिव्यांचं कोडं शेवटी कुणाला सुटलं, ते मात्र सोयीस्कर विसरतात.

आमची रोपवाटिका आहे. पुढे घर, मागे शेड, मधे अंगण आणि अंगणात जुनी पिकअप. रोज पहाटे अंधारात माझे सासरे, म्हणजे बाबा, कुंड्यांनी भरलेली गाडी घेऊन शहरातल्या दुकानांकडे जातात आणि चांगलं उजाडल्यावर रिकामी गाडी घेऊन परत येतात. गाडी त्यांचीच. ह्यांना फार तर अंगणात मागेपुढे करायला मिळते, तीही बाबा समोर उभे असताना.

एकदा चहा घेता घेता बाबा म्हणाले, "गाडीचे दिवे मंद झालेत. रस्ता दिसत नाही."

संध्याकाळी अंधार पडल्यावर ह्यांनी गाडी शेडच्या भिंतीसमोर उभी केली आणि दिवे लावले. भिंतीवर दोन पिवळट गोल पडले. फार झगझगीत नव्हते, पण होते. "सगळं दिसतंय की, बाबा," हे म्हणाले. "ती बघा, पालसुद्धा दिसतेय."

सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभ्या होत्या, त्या पुसतच राहिल्या. त्यांच्या मनात काय आलं ते आम्हा सगळ्यांना कळलं. बाबांच्या वडिलांना साठीनंतर दिसेनासं झालं होतं. आधी अंधारातलं, मग उजेडातलंही. शेवटची कितीतरी वर्षं बाबाच त्यांना हाताला धरून न्हाणीघरापर्यंत नेत. आणि आता बाबा स्वतः त्याच वयाला आले होते. डोळ्यांच्या डॉक्टरांचं नुसतं नाव काढलं की ते ताटावरून उठायचे. "मला काही झालेलं नाही. दिवे बघा दिवे!"

मग आम्ही दिवे बघायला लागलो. दोष दिव्यांचाच निघू दे, असं मी मनातल्या मनात किती वेळा म्हटलं असेल!

पहिला पराक्रम ह्यांचा. कुठूनसे पांढरेशुभ्र एलईडी बल्ब मागवले आणि स्वतःच बसवले. भिंत अशी उजळली की शेजारचे कुंपणावरून डोकावून गेले. हे कमरेवर हात ठेवून उभे, जणू सूर्य ह्यांनीच आणलाय. दुसऱ्या दिवशी बाबा परत आले ते चिडूनच. समोरून येणारा जो तो दिवे मारत होता, एकाने तर काच खाली करून आईबाप काढले होते. "आणि रस्ता?" मी विचारलं.

"रस्ता नाही दिसला," बाबा म्हणाले आणि हातपाय धुवायला निघून गेले.

माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. भिंत एवढी दिसते आणि रस्ता नाही? का?

मी गाड्यांच्या वायरिंगचं काम करणाऱ्याला बोलावलं. त्याला सगळे करंट म्हणतात आणि आता तोही त्याच नावाला ओ देतो. त्याने बल्ब बघून कपाळावर हात मारला. हा दिवा साध्या बल्बसाठी घडवलेला, त्यात असला बल्ब घातला की उजेड वाट फुटेल तिकडे पळतो, म्हणाला. मग मीटर काढून त्याने आणखी एक गोष्ट दाखवली. जुन्या गाडीत वीज बॅटरीतून आधी आत बटणापर्यंत जाते आणि तिथून बारीक वायरींतून दिव्याकडे येते. एवढ्या फेऱ्यात ती निम्मी दमते.

"मग सरळ का नाही आणत?"

"तेच करणार आहे, वहिनी."

"मग कंपनीनेच का नाही केलं?"

"वहिनी, हा शेवटचा ना?"

शेवटचा कसला! पण काम त्याने मनापासून केलं. बॅटरीपासून जाड वायरी टाकल्या, मधे रिले बसवला. रिले म्हणजे बटणाचं नुसतं ऐकायचं आणि खरी वीज आपल्या हाताने सोडायची, असा छोटा डबा. काळे पडलेले दिवे बदलून नवे बसवले, त्यांत चांगले साधे बल्ब घातले. संध्याकाळी भिंतीवर उजेड पडला तो कसा, नीट कापल्यासारखा. विटांच्या मधली सिमेंटची रेघ न् रेघ मोजावी! मला इतका आनंद झाला की मी करंटला दुसरा चहा दिला.

दुसऱ्या दिवशी बाबा आले, किल्ली खुंटीला लावली आणि सासूबाईंना म्हणाले, "महिनाअखेर एखादा ड्रायव्हर बघू."

बस, एवढंच. दिवे नवे, वायरी नव्या, आता आणखी काय बदलणार? ह्यांनी डॉक्टरांचा विषय काढला, तर बाबा उठलेसुद्धा नाहीत. नुसते बसून राहिले. ते मला जास्त लागलं.

पण मी अशी सोडते होय! रात्री मी जाहीर केलं, "उद्या मी येते गाडीतून."

"कशाला?" बाबांनी विचारलं.

"बघायला."

पहाटे आम्ही दोघं निघालो. गाडी खच्चून भरलेली. हल्ली सगळ्यांना सिमेंटच्या मोठ्या कुंड्या हव्या असतात, आणि त्या आधी उतरवायच्या म्हणून आम्ही त्या अगदी मागे, फाळक्याला टेकवून ठेवतो. वस्ती संपली, रस्त्यावरचे दिवे संपले आणि मी समोर बघितलं. झाडांचे शेंडे दिसले, पान न् पान. विजेच्या तारा दिसल्या. वळणावरच्या घराच्या वरच्या मजल्यावरचे पडदे दिसले, त्यांवर छोट्या होड्यांची नक्षी होती. गॅलरीत दात घासणारा एक माणूस डोळ्यांवर हात धरून उभा होता. आणि खाली, जिथे रस्ता असायला हवा होता, तिथे काळंकुट्ट! बाबा स्टिअरिंगवर ओणवे होऊन, डांबराच्या कडेचा अंदाज घेत, बैलगाडीच्या चालीने गाडी नेत होते.

"बाबा, थांबवा गाडी."

"का गं?"

"मला रस्ता दिसत नाहीये."

त्यांनी इतक्या जोरात ब्रेक दाबला की मागे कुंड्या एकमेकींवर आदळल्या. "काय म्हणालीस?"

"रस्ता दिसत नाहीये मला. तुम्हाला दिसतोय?"

"परत सांग."

"अहो बाबा, नाही दिसत! काही म्हणजे काही नाही दिसत!"

"मला बरं वाटावं म्हणून बोलत असशील तर..."

"मी? बरं वाटावं म्हणून? इतक्या वर्षांत कधी बोलले आहे का?"

हे त्यांना पटलं. "तुझे डोळे तर चांगले आहेत," ते हळूच म्हणाले. "मग तुला का नाही दिसत?"

मी खाली उतरले आणि गाडीच्या पुढे चालत गेले. उजेड माझ्या डोक्यावरून चालला होता. हात वर केला तर बोटं उजळली, पाय मात्र अंधारात. मागे वळून गाडीकडे बघितलं आणि स्वतःच्याच डोक्यात टपली मारावीशी वाटली. मागच्या ओझ्याने पिकअप ढुंगणावर बसली होती. चाकांवरचे पाटे, म्हणजे ओझं पेलणाऱ्या लोखंडी पट्ट्या, म्हातारे झालेले, मागे सिमेंटच्या कुंड्या, मग नाक वर होणार नाही तर काय! आणि आम्ही शहाणे रोज संध्याकाळी काय तपासत होतो? रिकामी गाडी! रिकामी गाडी सरळ उभी राहते, तिचा उजेड भिंतीवर बरोबर जागी पडतो. अंधारात ती रिकामी कधी चाललीच नव्हती. जितके चांगले दिवे आम्ही बसवले, तितके ते झाडांचे शेंडे चांगले दाखवत होते.

मी खिडकीशी जाऊन हे सगळं एका दमात सांगितलं. बाबांनी ऐकलं, दिवे बंद केले आणि स्टिअरिंगवर डोकं टेकवून रडायला लागले. सासरे रडत असताना काय करायचं असतं, मला माहीत नव्हतं. मी खिडकीतून हात घालून त्यांच्या पाठीवर ठेवला आणि उजाडेपर्यंत आम्ही तिथेच थांबलो.

संध्याकाळी करंटला बोलावलं. भरलेल्या गाडीचे दिवे लावून द्यायचे म्हटल्यावर तो जरा ओशाळला. "गाडी माझ्याकडे नेहमी रिकामीच येते हो," म्हणाला. आता वजन हवं. कुंड्या तर सकाळीच विकल्या गेल्या होत्या. उरलेल्या चढवल्या, मातीची पोती चढवली, तरी कमी पडलं. मग हे चढले, मी चढले आणि सासूबाईंनाही हात देऊन वर घेतलं. "माझ्या वजनावर दिवे लावू नका," त्या कठड्याला धरून ओरडल्या, "मी काही रोज येणार नाही शहरात!" बाबा हसले. कितीतरी दिवसांनी हसले. करंटने दिव्यामागचे स्क्रू फिरवत फिरवत उजेड भिंतीवरून खाली आणला. पुढच्या आठवड्यात पाटे बदलू म्हणाला, आणि तोपर्यंत जड कुंड्या केबिनला लागून ठेवा.

मग बाबांनी भरलेली गाडी रस्त्यावर काढली. मी मागून उतरून त्यांच्या शेजारी जाऊन बसले. समोर रस्ता पडला होता, खड्ड्यांसकट, खडीसकट, लांबवर. ते पार वळणापर्यंत गेले, परत आले, इंजिन बंद केलं आणि बसूनच राहिले.

"एक सांगू?" ते म्हणाले. "रोज दुपारी मी शेडमध्ये जाऊन बसतो ना..."

"झोपायला. माहितेय."

"झोपायला नाही गं. डोळे मिटून रोपं ओळखायला. पानं चाचपून, वास घेऊन. म्हटलं, गाडी सुटली तरी रोपं तरी हातात राहू देत. तुमच्यावर भार नको."

दुसरं कुणी असतं तर विषय बदलला असता. पण मी मी आहे. "किती ओळखू येतात?" मी विचारलं.

"बरीच. लिंबू आणि संत्र्यात अजून फसतो."

"का?"

"उद्या दुपारी ये. बसून बघ."

मी गेले. शेडमध्ये पालथ्या घातलेल्या बादलीवर बसले आणि डोळे घट्ट मिटले. बाबांनी माझ्या तळहातावर एक पान ठेवलं. मी चाचपलं, हुंगलं, कडेवरून बोट फिरवलं. काही कळेना. दुसरं दिलं, तेही कळेना. ज्या रोपांना मी रोज पाणी घालते, त्यांतलं एकही धड ओळखता येईना. हे सगळं हा माणूस एकट्याने, दार लोटून घेऊन, कुणाला कळू न देता शिकत बसला होता. आणि आम्ही भिंतीवरची पाल बघत होतो.

"अगं, रडतेस काय?" बाबा म्हणाले. "मला दिसतंय की."