चंपाची शिंगं

मागच्या वर्षी आकारामचा हात इतका थरथरायचा, की धारेला बसला की चंपा म्हैस त्याला लाथ घालायची. आणि ही बया दुसऱ्या कुणाला कासेला हात लावू देईना. मग डॉक्टरांनी कंपवाताची नवी गोळी दिली आणि हात ठरला. अंबूबाईनं नवऱ्याची दृष्टच काढली.

पण गोळीपाठोपाठ आकारामला म्हशीची शिंगं रंगवायचं खूळ लागलं. म्हशी सजवायच्या त्या दिवाळी पाडव्याला अजून सहा महिने, आणि हा सकाळी लाल रंग देतोय, दुपारी खरवडून हिरवा. जेवायला हाक मारली की म्हणणार, "एवढं एक शिंग हुंदे." गल्ली म्हणाली, हौशी गडी. कोल्हापुरात हौस म्हटलं की सगळं माफ. अंबूबाईला मात्र गोळीचाच संशय. डॉक्टरला सांगितलं आणि त्यानं गोळीच बंद केली तर धार कोण काढणार? तिनं तोंडाला कुलूप घातलं.

तपासणीच्या दिवशी त्यांच्या पोरानं, सम्राटनं, आईबापाला मागं बसवून फटफटी काढली. चंपाला पाडव्याच्या मिरवणुकीची शिकवण: शिंगं रंगली, की मालकाच्या फटफटीमागं पळायचं. तिनं दावं तोडलं आणि थेट दवाखाना गाठला.

डॉक्टरांनी खिडकीतून रंगीत शिंगांची म्हैस बघितली. "आज काय आहे?"

"काय न्हाई," सम्राट म्हणाला. "हे रोजचंच हाय."

"दिवसातून किती वेळा रंगवता?"

"चार-पाचदा," आकाराम म्हणाला. "आज घाईत दोनदाच झालंय."

"गोळीचा परिणाम आहे हा. कुणाला जुगार सुटत नाही, कुणाला खरेदी. आधी का नाही सांगितलंत?"

अंबूबाईला रडू फुटलं. "सांगितलं असतं तर गोळी काढली असती की तुमी. मग धार काढायला तुमी येणार व्हय?"

डॉक्टरांना हसू आवरेना. "हळूहळू कमी करू, जोडीला दुसरी देऊ. थोडी थरथर मात्र राहील."

राहिलीच. आकाराम पुन्हा थरथरत्या हातानं धारेला बसला, तेव्हा अंबूबाई दावं धरून उभी. चंपानं मान वळवून बघितलं आणि गप उभी राहिली. इतके महिने रोज पाचपाचदा ज्याच्याकडनं लाड करून घेतले, त्याला आता लाथ कशी घालणार? निम्मं दूध बादलीत पडलं, निम्मं आकारामच्या धोतरावर.

पाडव्याला अंबूबाईनं स्वतः रंगाचा डबा काढून दिला. रेघ वाकडी आली. आकारामचा चेहरा पडला.

"वाकडी झाली गं."

"हुंदे," त्याचं मनगट धरत ती म्हणाली. "तिला कुठं आरसा बघायचा हाय?"