चालवणारीचं माप

जुन्या गाडीसाठी इंजिन निवडताना माणसं जेवढं खोटं बोलतात, तेवढं निवडणुकीतले उमेदवारही बोलत नसतील. मीही बोललोय. बत्तीस वर्षं माझं गॅरेज आहे, माझं तोंड फटकळ आहे, आणि पुढे जे घडलं त्यात माझाही हात आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी मला शहाणा समजायला नको.

गाडी काकूंची. दोन दरवाज्यांची, गोल दिव्यांची, एवढीशी. काकू शिवणकाम करतात. एकोणीस वर्षं त्यांनी मागच्या सीटवर शिलाई मशीन टाकून घरोघरी जाऊन काम केलं. गिऱ्हाइकाच्या घरी माप घ्यायचं, तिथंच बसून शिवायचं, अंगावर घालून बघायचं आणि मगच निघायचं. अकरा वर्षांपूर्वी गाडी बंद पडली आणि ताडपत्रीखाली गेली. तेव्हापासून काकूंना कुठं जायचं तर मुलाच्या गाडीतून. मुलाचं उत्तर ठरलेलं: "आज मीटिंग आहे गं आई, उद्या बघू." चाळीस घरांची सहा घरं झाली. सुई हातात धरता येते, पण गिऱ्हाइकापर्यंत जाता येत नाही, अशी त्या बाईची गत.

आणि मग मुलाला एकदम आईचा पुळका आला.

याला मी मनातल्या मनात चिरंजीव म्हणतो. पांढरे बूट घालून गॅरेजमध्ये येणारा माणूस. फोनवर त्याचं जुन्या गाड्यांचं पान आहे, कितीतरी हजार लोक बघतात म्हणे. त्यानं ताडपत्री काढतानाचा व्हिडिओ टाकला, वर लिहिलं, "आईचं स्वप्न, मुलाचा शब्द." खाली बदाम आणि रडके चेहरे. काकूंना वाटलं, गाडी आपल्यासाठी होतेय. त्यांना तसं न वाटायला त्या काय वेड्या आहेत?

जुनं इंजिन मी उघडलं. ब्लॉकला वरपासून खालपर्यंत भेग. संपलं होतं. आता दोन पर्याय होते. एक, त्याच कंपनीच्या त्याच काळातल्या मालवाहू व्हॅनचं इंजिन. मी ते भंगारवाल्याकडून आणून तपासून ठेवलं होतं. जुन्याच माउंटिंगवर, म्हणजे जुन्याच जागी, बसतं, गिअरबॉक्स तोच, क्लच तोच हलका. पन्नास घोड्यांची ताकद, म्हणजे मूळ इंजिनापेक्षा जराशी जास्तच. दुसरं, ठोकलेल्या एका स्पोर्ट्स कारचं. एकशेसाठ घोडे.

व्हॅनचं नाव ऐकताच चिरंजीवांनी तोंड असं केलं, जणू मी त्यांना दुसऱ्या कुणाचे वापरलेले मोजे घालायला सांगत होतो.

"व्हॅनचं? आपल्याला काय पाव पोचवायचेत?"

"पण गाडी काकूच चालवणार ना?"

"आईसाठीच तर करतोय. आईसाठी बेस्ट नको?"

मी गप्प बसलो. का? कारण ते मोठं इंजिन बघून मलाही लाळ सुटली होती. एवढ्याशा गाडीत एवढं जनावर बसवलं म्हणजे चार मेकॅनिकांत आपली मान ताठ. अशा वेळी विचारायचे प्रश्न माणूस बरोबर विसरतो.

मोठं इंजिन बसवायचं तर पुढचा पत्रा कापायचा, गाडीच्या मधोमध असलेला उंचवटा रुंद करायचा. तो रुंद झाला की पुढेमागे सरकणारी जुनी सीट मावत नाही. मग शर्यतीच्या गाडीतली अरुंद, खोलगट सीट जमिनीलाच बोल्टानं आवळायची. क्लचची स्प्रिंग दणकट. मी पत्र्यावर खडूनं रेषा मारल्या. नवी सीट जागेवर ठेवून चिरंजीवांना बसवलं, त्यांच्या पायाच्या लांबीनं भोकांच्या खुणा केल्या. वेल्डर दुपारी येणार होता.

सकाळी दहाला काकू आल्या. गळ्यात टेप, हातात वही. सीटला कव्हर शिवायचं काम मुलानं त्यांनाच दिलं होतं. तेवढंच विचारलं होतं त्यांना या सगळ्यात. चिरंजीव फोन उभा धरून तयारच होते, आई येतानाचं शूटिंग करायला.

"काय मिस्त्री, झाली का माझी पोरगी?" काकू खुशीत होत्या. "परवा लायसन्स नवीन करून आले. डोळ्यांच्या डॉक्टरनं शेवटची ओळ वाचायला लावली. म्हटलं, ओळ वाचतेच, पण तुमच्या कोटाची बाही उसवलीय, तीही वाचू का?"

मी हसलो. मग त्या गाडीत बसल्या.

काकूंची उंची जेमतेम पावणेपाच फूट. त्या सीटमध्ये त्या अशा बुडाल्या की बाहेरून फक्त केसांचा अंबाडा दिसत होता. पाय पेडलपर्यंत पोचेनात. एक वीत कमी. त्यांनी पुढे सरकून पाय लांबवले, तर कंबर सीटवरून सुटली. मग स्टिअरिंगला धरून वर ओढून घेतलं स्वतःला, तरी समोर काचेऐवजी डॅशबोर्ड.

"ही सीट पुढे कशी घ्यायची?" त्यांनी विचारलं.

चिरंजीव हसत होते. शूटिंग चालूच. "घ्यायची नाही आई. फिक्स आहे. तू कशाला चालवतेस? तू आपली शेजारी बसायचं, राणीसारखं. मी आहे ना!"

"तू आहेस," काकू म्हणाल्या. "अकरा वर्षं आहेस."

त्या उतरल्या. खाली व्हाइसच्या पकडीत नव्या क्लचचं पेडल स्प्रिंगसकट लावून ठेवलं होतं. त्यांनी स्टूल ओढलं, बसल्या आणि डावा पाय त्यावर ठेवून दाबलं. पेडल हललं नाही. दोन्ही पाय लावले. अर्ध्यावर गेलं आणि धाडकन परत आलं. गुडघा धरून त्या तशाच बसून राहिल्या. त्या गुडघ्यानं घरच्या मशीनचं पायडल मारमारून या माणसाला शिकवलं, आणि हा माणूस त्या गुडघ्याचं शूटिंग करत होता.

"बंद कर ते," मी म्हणालो.

"काय?"

"फोन. नाहीतर रेडिएटरच्या पाण्यात बुडवीन."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांचा मोर्चा माझ्याकडे वळला. वळायलाच हवा होता.

"मिस्त्री, मी आयुष्यात कुणाचा शर्ट शेजाऱ्याच्या मापानं बेतला नाही. तुम्ही हे कुणाचं माप घेतलंत?"

"यांचं."

"गाडी यांची आहे?"

"हे म्हणाले, आमची आहे."

"कागद बघितलात? नाव माझं आहे. आणि समजा नसतं, तरी चालवणार कोण, हे विचारायला काय जीभ झिजत होती?"

पत्रा मोजला, इंजिन मोजलं, अर्ध्या मिलिमीटरपर्यंत मोजलं. एक बाई मोजली नाही. बत्तीस वर्षांचा अनुभव म्हणे!

"दुसरं काही इंजिन होतं का?" त्यांनी विचारलं.

मी व्हॅनच्या इंजिनाबद्दल सगळं सांगितलं. क्लच हलका, सीट जुनीच, पत्रा कापायचा नाही. सांगताना लाज वाटत होती, कारण हे सगळं मला महिनाभर आधी माहीत होतं.

"मग हे सोडून ते का?"

"आई, व्हॅनचं इंजिन आहे ते!" चिरंजीव मध्येच. "लोक हसतील. मी सगळ्यांना एकशेसाठ सांगून बसलोय!"

"कोण लोक?"

"माझ्या पानावरचे."

"त्यातलं कुणी मला कपड्यांचं माप द्यायला येणारे का?"

"आई, तुझ्या वयाला आता कुठं..."

"वाक्य पुरं कर," काकू म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "पुरं कर की. माझ्या वयाला काय? गाडी शोभत नाही? माझ्या वयाला तू शेजारी बसवशील, तेव्हा बसायचं; नेशील तिथं जायचं; उद्या म्हणशील तर उद्या. हे स्वप्न माझं नव्हे बाळा. माझं नाव लावून तू तुझं शिवलंस."

चिरंजीव लाल झाले. "इतकं सगळं तुझ्यासाठी केलं, त्याची ही किंमत?" असं काहीतरी बडबडत गेले. मोठं इंजिन घेऊन जायला संध्याकाळी टेम्पो पाठवला.

वेल्डर आला, त्याला परत पाठवलं. काकूंनी फडकं ओलं केलं आणि माझ्या खडूच्या रेषा स्वतः पुसल्या. मी मदतीला गेलो तर म्हणाल्या, "तुम्ही राहू द्या. तुम्ही बरंच केलंय." ते मला लागलं. लागायलाच पाहिजे होतं.

व्हॅनचं इंजिन बसायला दोन आठवडे गेले. या वेळी रोज सकाळी काकू यायच्या आणि मी रोज विचारायचो. आरसा इथं की तिथं? गिअरचा दांडा हाताला येतो का? पाठीला उशी हवी का? आधी त्यांना माझी गंमत वाटली, मग कंटाळा आला. "मिस्त्री, आता माझ्या चपलेचा नंबर तेवढा राहिलाय," म्हणाल्या.

गाडी द्यायच्या दिवशी चिरंजीव हजर. पांढरे बूट, हातात फोन. मी आदल्या दिवशीच त्यांच्या पानावर वाचलं होतं: "आईच्या हट्टापुढे मुलगा हरला. त्याच घराण्यातलं इंजिन शोधून काढलं!" शोधून काढलं म्हणे. माझ्या गॅरेजच्या कोपऱ्यातून. खाली पुन्हा बदाम, पुन्हा रडके चेहरे. निर्लज्जपणा घोड्यांच्या ताकदीत मोजता आला असता, तर या माणसानं एकट्यानं ट्रक ओढला असता.

काकूंनी मागच्या सीटवर शिलाई मशीन ठेवायला सांगितलं, मी ठेवलं. त्या बसल्या, किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं, एकसारखं, कुरकुर न करता. पहिल्यांदा क्लच सोडताना गाडी गचका खाऊन बंद पडली. दुसऱ्यांदाही. चिरंजीव गाडीच्या बरोबर मागे उभे राहून फोनशी बोलत होते, "तर मंडळी, हा माझ्यासाठी खूप भावनिक क्षण आहे..."

काकूंनी काच खाली केली.

"बाजूला हो. मागे घ्यायचीय."

"एक मिनिट आई, एवढं वाक्य..."

हॉर्न वाजला. जुना, घोगरा आणि चांगलाच लांब. चिरंजीव उडी मारून बाजूला झाले, पांढरा बूट ऑइलच्या डबक्यात. गाडी मागे आली, वळली, गेटातून बाहेर पडली. दिव्याचा इशारा देऊन डावीकडे गेली. त्यांचं घर उजवीकडे आहे.

चिरंजीव बूट झटकत गेटापर्यंत गेले. "कुठं गेली?"

"मला काय माहीत?"

"पण परत कधी येणार? मला तिला घेऊन एक शूट करायचं होतं."

"मोठी बाई आहे," मी म्हणालो. "काम झालं की येईल."