केसाचं मूळ

ते पत्र येऊन तीन महिने झाले होते आणि प्रयोगशाळेतल्या म्हाताऱ्या तंत्रज्ञाने उत्तराची एक ओळही लिहिली नव्हती. पत्र कपडे शिवणाऱ्या एका बाईचं होतं. तिचा गळा भाजलेला. 'अहवालाखाली तुमची सही आहे, म्हणून तुम्हालाच विचारते. मूळपेशी टोचल्यावर माझ्या व्रणात नव्या रक्तवाहिन्या फुटल्या म्हणता. मग मान का वळत नाही? पुन्हा पोटातली चरबी काढून, त्यातल्या पेशी तिसऱ्यांदा टोचायच्या म्हणतायत. मागच्या वेळी पंधरा दिवस उठता आलं नाही. हो म्हणू का?'

आज तिच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी तिच्याच कातडीच्या तुकड्याची काचपट्टी त्याच्यासमोर ठेवली. "काका, फोटो काढून द्या. परवा भाषणात दाखवायचाय."

त्याने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. टोचण्याआधीचा तुकडा व्रणाच्या मधोमधून घेतलेला होता. त्यात जेमतेम दोन रक्तवाहिन्या. या नंतरच्या तुकड्यात एकोणीस. पण त्यांना लागूनच केसाचं मूळ होतं. असल्या जुन्या, जाड व्रणात केसाचं मूळ कुठून राहणार? हा तुकडा कडेच्या धडधाकट कातडीचा होता. हे त्याला अहवालासाठी वाहिन्या मोजतानाही दिसलं होतं. आपल्याला काय कळतंय, म्हणून त्याने मुकाट्याने आकडा लिहिला होता.

"डॉक्टर, यात केसाचं मूळ आहे."

"मग ते सोडून फोटो काढा."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

डॉक्टर हसले. "जन्मभर तोंडातून शब्द काढला नाहीत काका, आणि निवृत्तीच्या तोंडावर कंठ फुटला?"

"यावर तिला पुन्हा सुई लावणार?"

"तिला फरक पडतोय."

"मान वळत नाही तिची. तिनेच कळवलंय मला."

डॉक्टरांचं हसू मावळलं. "पेशंटशी पत्रव्यवहार हे तुमचं काम नाही. तुम्ही तुकडे कापा."

"तेच करत आलो. मान खाली घालून."

डॉक्टर निघून गेले. कापताना तुकड्याला बारीकशी सुरकुती पडली तरी तो फेकून देणारा माणूस हा. आणि धडधडीत खोट्यावर सही ठोकली होती. डॉक्टर निदान निर्लज्ज तरी होते. आपण नुसते भित्रे, या विचाराने तो जास्तच पेटला.

त्याने केसाचं मूळ बरोबर मध्ये धरून फोटो काढला. 'मी डॉक्टर नाही, तरी' अशी सुरुवात केलेले तीन कागद फाडले. चौथ्यावर लिहिलं:

'ताई, त्या रक्तवाहिन्या नव्या नाहीत, व्रणातल्याही नाहीत. तुकडा चांगल्या कातडीचा होता. मला दिसत असूनही मी सही केली. या अहवालावर हो म्हणू नका. सोबतचा फोटो दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा.'

खाली हुद्द्यासकट पूर्ण सही केली.

जेवणाच्या सुट्टीत तो कोपऱ्यावरच्या टपालपेटीपाशी गेला. पाकीट अर्धं आत सरकवून क्षणभर थांबला, मग सोडलं. पेटी रिकामी असावी. पाकीट तळाशी पडल्याचं स्पष्ट ऐकू आलं.