अनवधानाने

“स्वयंपाकीण!” दादानं टेबलावर थाप मारली. “स्वयंपाकीण, खिडकीचा गज, वाचनाची खोली. आणा तो लिफाफा इकडे.”

“मामा, दर रविवारी स्वयंपाकीणच कशी रे चोर निघेल?” लेकीनं कपाळावर हात मारला. “वकील आहे, डॉक्टर आहे, ती पाहुणी आहे. त्यांच्यावर कधी संशय येतच नाही तुला?”

“डॉक्टर कशाला हार चोरेल? त्याला काय कमी आहे? चोरी करणार ती घरातली बाईच.”

लेकीच्या आईनं, म्हणजे दादाच्या धाकट्या बहिणीनं, हातातली पानं छातीशी धरली. स्वयंपाकिणीचं पान पहिल्यापासून तिच्याच हातात होतं. दादानं एकदा जरी तिला विचारलं असतं, तरी ते तिला त्याला दाखवावं लागलं असतं. त्यानं विचारलं नव्हतं.

खेळ साधा होता. बंगल्यातून हिऱ्यांचा हार गेलेला. कुणी नेला, कशाच्या मदतीनं, कुठल्या खोलीतून, ही तीन पानं लिफाफ्यात लपवायची, बाकीची चौघांत वाटायची. मग पाळीपाळीनं एकमेकांना विचारत, आपापल्या कागदावर फुल्या मारत लिफाफ्यापर्यंत पोचायचं. खोक्याचे कोपरे चिकटपट्टीनं सांधलेले होते, माळ्याचं प्यादं हरवून त्याच्या जागी शर्टाचं बटण आलं होतं, तरी तिला या खेळाचा कंटाळा येत नसे. कुणी ‘माझ्याकडे नाही’ म्हटलं, तरी त्यातूनही काही कळायचं. प्रयोगशाळेतही तेच करत तिची सव्वीस वर्षं गेली होती.

दादानं लिफाफ्यात डोकावून पाहिलं, पानं परत आत सारली आणि जीभ चावली. “हॅत्! हुकलं. बरं, चला पुढे. कुणाची पाळी?”

“तुझी नक्कीच नाही,” लेक म्हणाली. “खोटा आरोप केला की बाद. नुसतं बसून राहायचं, आणि कुणी विचारलं तर आपली पानं दाखवायची.”

“घरातल्या घरात कसले आलेत नियम? मी खेळणार.”

“अरे, तू लिफाफा बघितलास! तुला उत्तर माहीत आहे!”

“मग काय, विसरतो की मी. माझं वयच आहे विसरायचं.” दादा हसला. तिचा नवराही हसला. तो छापखान्यात मुद्रितं तपासायचा. शब्द चुकला तर त्याला झोप लागत नसे, पण माणूस चुकला तर तो खुशाल हसून सोडून द्यायचा.

“बाद म्हणजे बाद,” ती म्हणाली.

आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला. लेकीनं चमकून वर पाहिलं.

“चिमे, एवढी कशाला चिडतेस?” दादा म्हणाला. चिमी हे तिचं लहानपणचं नाव, आता पंचावन्नाव्या वर्षीही दादाच्या तोंडी टिकलेलं. “खेळावर नको काढूस राग. तुझं सगळं लक्ष त्या पत्रात आहे. सही करून टाक, म्हणजे मोकळी होशील.”

पत्र बिस्किटांच्या ताटलीखाली होतं. दादानं ते दुपारीच आणलं होतं, टाइप करून. दादा पाणीपुरवठा खात्यात मुख्य लिपिक, ती त्याच खात्याच्या प्रयोगशाळेत सहायक. नोकरीचा अर्जही तिला दादानंच आणून दिला होता, आणि याची तो वर्षातून दोनदा तरी आठवण करून द्यायचा.

गेल्या महिन्यात नदीकाठच्या वस्तीतून पाण्याचा नमुना आला. तिनं तो रीतसर तपासणीला लावला. अठ्ठेचाळीस तासांनी, गुरुवारी, प्रत्येक नळीत वायूचा बुडबुडा दिसला. पाणी पिण्यास अयोग्य. तिनं त्याच दुपारी अहवाल लिहिला, स्वतः जिना चढून अभियंता साहेबांच्या कार्यालयात दिला आणि तिथल्या कारकुनाची सही घेतली. पंप बंद झाला सोमवारी. तोवर वस्तीतली ऐंशी माणसं दवाखान्यात होती आणि एक बाळंतीण घरी परत आलीच नाही.

साहेब म्हणाले, अहवाल सोमवारीच मिळाला. कारकून म्हणाला, आठवत नाही. सहीची नोंदवही चौकशीसाठी म्हणून कुणीतरी नेली, आणि त्यानंतर ती कुणाकडेच नव्हती.

पत्रात एकच वाक्य कामाचं होतं. ‘सदर अहवाल पाठवण्यास माझ्याकडून अनवधानाने विलंब झाला.’ दुपारी नवऱ्यानं पत्र वाचलं, खिशातलं लाल पेन काढलं आणि दोन ऱ्हस्व-दीर्घ सुधारून दिले. “आता निर्दोष आहे,” तो म्हणाला होता. 

“माझ्याकडून अनवधानानं काय झालंय दादा?” तिनं आता विचारलं. “सव्वीस वर्षांतलं एक दाखव. एक बाटली न उकळता वापरलेली, एक आकडा खाडाखोड केलेला.”

“अगं, शब्द आहे तो नुसता. कागदाची पद्धत असते. एक ताकीद मिळेल, फाइल बंद.”

“आणि ती बाळंतीण?”

“ती काय तुझ्या सहीनं परत येणार आहे?”

“निवृत्तीला तीन वर्षं तर राहिलीत,” नवरा हळूच म्हणाला. “दादा काही वाईट नाही सांगणार आपल्याला.”

“वाईट?” दादाचाही आवाज चढला. “साहेबांच्या पाया पडून ताकिदीवर आणलंय मी हे. नाहीतर निलंबनच होतं. आणि ही बसलीय सही, सही करत. गुरुवारी चार दहाला सही झाली म्हणून काय दिवे लागले? वही नाही म्हणजे सही नाही.”

तिनं पानं खाली ठेवली.

सगळ्यांना तिनं ‘गुरुवारी’ एवढंच सांगितलं होतं. घरी, कार्यालयात, लेखी खुलाशात, सगळीकडे गुरुवारी. वेळ कुणी विचारली नव्हती, म्हणून तिनंही सांगितली नव्हती. चार वाजून दहा मिनिटं. ती लिहिली होती एकाच ठिकाणी, सहीच्या शेजारी, तिच्या स्वतःच्या बारीक अक्षरात.

“दादा,” ती म्हणाली, “चार दहा तुला कुणी सांगितलं?”

“तूच.”

“नाही.”

“मग कारकुनानं सांगितलं असेल.”

“त्याला सहीसुद्धा आठवत नाही. वेळ आठवते?”

 लेक मामाकडे बघत होती, आणि तिचा चेहरा हळूहळू आकसत चालला होता. दादानं एक बिस्कीट उचललं, परत ठेवलं.

“वही तुझ्याकडे आहे.”

“माझ्या कपाटात आहे,” तो शेवटी म्हणाला. “साहेबांनी ठेवायला दिली. फाडली नाही मी, जपून ठेवलीय. तुझ्यासाठीच ना? साहेब गेले तर नवा येईल, तो तुला ठेवेल की मला? जरा विचार कर. घरच्यासारखं बोलतोय मी.”

“घरच्यासारखं?” तिनं समोरची पानं बाजूला सारली. “तीन आठवडे मी जेवले नाही धड. तू रोज विचारत होतास, जेवलीस का म्हणून. आणि वही तुझ्या कपाटात होती.”

“चिमे...”

“सगळ्यांत खालची कोण, हे बघून तुम्ही तिचं नाव पुढे करता. मग कारण शोधत बसता. विचारत तर कुणालाच नाही.”

दादा उठला. चपला घालताना त्याला उगाच वेळ लागला. दारात तो थांबला. “उद्या चौकशीत काही बोललीस, तर तुला भाऊ उरला नाही समज.”

नवऱ्यानं ताटलीखालचं पत्र काढलं, पुन्हा वाचलं, आणि दुपारी सुधारलेल्या त्याच ओळीवर त्याचं बोट अडकलं. “मी नुसतं शुद्धलेखन बघितलं गं,” तो म्हणाला.  तिनं त्याच्या खिशातलं लाल पेन काढून घेतलं, बाजूला ठेवलं आणि लेकीकडून कोरा कागद मागून घेतला.

दुसऱ्या दिवशी साहेबांच्याच दालनात चौकशी होती. बाहेरून आलेले चौकशी अधिकारी, साहेब आणि कोपऱ्यात फायली घेऊन मुख्य लिपिक. तिनं आपलं पत्र दिलं. अधिकाऱ्यांनी ते दोनदा वाचलं.

“नोंदवही मुख्य लिपिकांच्या कपाटात आहे, असं लिहिलंय तुम्ही. कशावरून?”

“काल त्यांनीच सांगितलं.”

“काल? काल तर रविवार होता.”

“माझ्या घरी आले होते.”

“कोण लागतात तुमचे?”

दादा फायलीची नाडी सोडत होता आणि परत बांधत होता.

“सख्खे भाऊ,” ती म्हणाली.

अधिकाऱ्यांनी चष्मा काढला. साहेब म्हणाले, बाईंची मनःस्थिती ठीक दिसत नाही. अधिकाऱ्यांनी तिकडे पाहिलंही नाही. “मुख्य लिपिक, कपाट उघडून वही आणा. शिपायाला सोबत न्या.”

दादा उठला. तिच्या खुर्चीजवळून जाताना त्यानं खिशातल्या किल्ल्या मुठीत घट्ट धरल्या होत्या, वाजू नयेत म्हणून. त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. तिनं पाहिलं. त्याच्या मानेवरचे केस पिकलेले तिला आजच दिसले.

तेवढ्यात दुसरा शिपाई पाणी घेऊन आला. अधिकाऱ्यांसमोर एक सीलबंद बाटली ठेवली, साहेबांसमोर एक, तिच्यासमोर एक. तिनं आपली बाटली बाजूला सरकवली.

“नळाचं आणा.”

“नळाचं, बाई?” शिपायानं साहेबांकडे पाहिलं.

“हो. दोन मिनिटं वाहू द्या, मग भरा.”

या इमारतीच्या नळाचा निकाल शनिवारी आला होता: पिण्यास योग्य. नमुना तिनंच तपासला होता. शिपायानं पेला आणून ठेवला. तिनं तो उचलला आणि घाई न करता तळापर्यंत रिकामा केला. टेबलावरच्या बाटल्यांना कुणी हात लावला नाही.