भोवऱ्याचा दुसरा साक्षीदार

दाजींनी वालाची गोणी मुसाच्या पडवीत टेकवली आणि घाम पुसायच्या आधीच हात जोडले. मागे त्यांचा मुलगा विठू उभा होता. काळवंडलेला, पण सगळा शाबूत.

"मुसाभाय, तुमच्या भोवऱ्यानं सोडला याला. वाल शांतीनं निवडलेत, एकेक दाणा."

मुसा धरमतरचा जुना तांडेल. तरुणपणी आपलं गलबत आफ्रिकेच्या बाजूला एका भोवऱ्यात सापडलं होतं, हे त्यानं अख्ख्या खाडीला ऐकवलं होतं. भोवरा एवढा, की पेण आणि रोहा दोन्ही तालुके आत मावून कडेला भात लावायला जागा उरावी! लोक चहा पाजून ऐकत आणि हसत घरी जात. बायको खतीजासुद्धा पदराआड हसे.

यंदा विठूचं गलबत एडनहून परतलं नाही. पावसाळा निम्मा सरल्यावर दाजींच्या गावातल्या, गडबच्या भावकीनं शांतीच्या, विठूच्या बायकोच्या, बांगड्या उतरवायचा विषय काढला. तेव्हा दाजी एकटेच मुसाकडे आले होते.

"तो बुडवत नाय, फिरवतो," मुसानं सांगितलं होतं. "पावसाळी वारा त्याला पोसतो. यंदा वारा मधेच पडतोय. पडला की भोवरा सैल होतो, धरलेलं सोडतो. समुद्र खुला होऊ दे, पोर येईल."

दाजी घरी जाऊन एवढंच म्हणाले, "बांगड्यांना हात लावायचा नाय." थापाड्याच्या शब्दावर सून टांगून ठेवली, असं भावकी बोलत राहिली.

खतीजानं चहा आणला. विठू सांगू लागला. सुकाणू मोडलं, गलबत गोल फिरत राहिलं, मग वारा पडला आणि ते एका बेटाला लागलं.

"पाणी?" मुसानं एकदम विचारलं. "पाणी कसं होतं?"

"कडेला बर्फागत थंड, चाचा. हिरवंगार."

खतीजाचा हात किटलीवर थांबला. हेच पाणी ती लग्नापासून ऐकत आली होती. तिनं पहिला कप पाहुण्यांऐवजी नवऱ्यापुढं सरकवला.

मुसानं विठूचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला.

पडवीखाली माणसं जमली होती. विठूला चेव आला.

"आन मासे? एकेक रेड्याएवढा!"

मुसा पुढं झुकला आणि त्याच्या कानाशी कुजबुजला,

"हातभर होते रे बाबा, हातभरच सांग. आता कुठं लोकांना खरं वाटाय लागलंय."