अर्ध्या पुलाखालचा नाला

मी एक जुना नाला आहे. मित्रांनो, नाक धरलंत तरी चालेल, सगळेच धरतात. फक्त कान मोकळे ठेवा.

लहानपणी मी ओढा होतो. माझ्या तळाचे खडे दिसत. काठावर बायका धुणं धूत आणि ते खरोखर स्वच्छ होत असे. मग कुठल्याशा कचेरीत एक अधिकारी मतदारसंघांच्या सीमा आखायला बसले. ते इकडे कधी फिरकले नाहीत. नकाशावर त्यांना एक निळी रेघ दिसली, ती मी. आयती रेघ मिळाल्यावर दुसरी कोण ओढतो? सीमा ओढ्याच्या मधोमध जाईल, असं त्यांनी लिहून टाकलं. त्या दिवसापासून माझा डावा काठ एका खासदाराचा झाला आणि उजवा दुसऱ्याचा. माझा गाळ मात्र कायम पलीकडच्याचा. डावीकडे विचारा, घाण उजवीकडची. उजवीकडे विचारा, डावीकडची. अशा रीतीनं ओढ्याचा नाला झाला. लोक मलाच घाणेरडा म्हणतात. मी तर कधी कुणाच्या घरात काही टाकायला गेलो नव्हतो.

डाव्या काठावर शिवणकाम करणारी एक ताई राहते. तिची आई उजव्या काठावर, अगदी समोर. माझ्यावर एक लाकडी फळी होती. आईनं अंथरूण धरलं, तेव्हापासून ताई त्या फळीवरूनच दोन्ही वेळचा डबा न्यायची.

मग एक निवडणूक फार अटीतटीची झाली. डावीकडच्या उमेदवाराला सगळे साहेब म्हणत. त्या वेळी साहेबांना गल्लीतलं एकेक मत हवं होतं. ताईच्या मशीनशेजारी स्टुलावर बसून, तिच्या घरचं पाणी पिऊन त्यांनी पुलाचा शब्द दिला. मूठभर मतांनी ते निवडून आले आणि शब्दाला जागले. पूल बांधला. हद्दीपर्यंत. म्हणजे माझ्या मधोमध येऊन तो थांबला.

उद्घाटनाला साहेब फीत कापून, हात हलवत चालू लागले. त्यांच्या सहायकानं मागून सदरा धरला.

"साहेब, आता थांबा."

"का, हद्द संपली?"

"पूल संपला."

टाळ्या झाल्या. संध्याकाळी पालिकेची माणसं येऊन फळी उचलून घेऊन गेली. पूल झाल्यावर फळीवरून जाणं धोक्याचं, असं त्यांचं म्हणणं.

ताई उजवीकडच्या खासदारांकडे गेली. ते सोफ्यावरून न उठता म्हणाले, "अर्धा त्यांनी बांधला ना? मग पाटी त्यांचीच लागणार. आम्ही काय त्यांच्या पुलाला शेपूट जोडायचं?"

ताई मोठ्या रस्त्यानं वळसा घालून जाऊ लागली. आई डबा उघडून म्हणायची, "पूर्वी तुझी भाजी समोरून यायची. आता परदेशातून येते." ताईला हसू यायचं नाही. तिला उशीर झाला की म्हातारी ओल्या अंथरुणात उपाशी पडून राहायची आणि वर लेकीलाच म्हणायची, "दमलीस गं."

काही वर्षांनी सीमा नव्यानं आखल्या. माझे दोन्ही काठ साहेबांच्या मतदारसंघात आले. गल्लीनं चहा वाटला. मधली हद्दच गेली, आता पूल होणारच. मलाही घटकाभर वाटलं, आपण पुन्हा ओढा होऊ. वय झालं तरी माणसांची संगत बाधतेच.

नवा नकाशा नीट कुणी पाहिलाच नव्हता. साहेबांच्या हक्काच्या वस्त्या आत ओढल्या होत्या, नावडत्या बाहेर ढकलल्या होत्या. मतदारसंघाचा आकार कुत्र्यानं चघळलेल्या चपलेसारखा झाला होता. साहेब लाखावर मतांनी आले. ताई चार शेजारणींना घेऊन गेली, तेव्हा सहायकानं निकालाचा कागद पुढे सरकवला. "तुमची गल्ली धरा की सोडा, साहेब येतातच. मग पूल कशासाठी, तुम्हीच सांगा."

बाहेर आल्यावर ताई म्हणाली, "पूर्वी निदान खोटं तरी बोलायचे."

तिचा नवरा वेल्डर. गल्लीच्या तोंडाशी हात जोडून हसणाऱ्या साहेबांच्या फोटोचा आभाराचा फलक उभा होता, पत्र्याचा, भक्कम चौकटीचा. नवऱ्यानं तो उतरवला, मागून दोन लोखंडी गज जोडले आणि अर्ध्या पुलाच्या टोकापासून उजव्या काठापर्यंत टाकला.

"तोंड वर ठेवू?" त्यानं विचारलं.

"खाली कर," ताई म्हणाली. "चपला नव्या आहेत."

त्या दिवशी म्हातारीनं वाफ येणारी भाजी खाल्ली. आणि माझ्या नशिबी साहेब आले. हात जोडून दिवसभर माझ्याकडे बघून हसतात. इतक्या वर्षांत मला इतकं जवळून बघणारा हा पहिलाच लोकप्रतिनिधी.

मित्रांनो, पत्र्याला गंज चढतो आहे. मला तो खालून दिसतो, ताईला वरून दिसत नाही. माझ्यात कचरा टाकू नका, असं मी शेवटी म्हणेन, ही तुमची अपेक्षा असेल. टाका, सवय झाली आहे. पण पत्रा मोडायच्या आत उरलेला अर्धा पूल मागा, आणि ज्याला तुमच्या मताची गरज उरलेली नाही, त्याच्या दारात आधी जाऊन मागा. ताई पडली तर तिला झेलण्याइतकं पाणी माझ्यात राहिलेलं नाही. आणि तिच्याबरोबर साहेबही पडतील. माझ्यात आधीच पुरेशी घाण आहे.